नाशिकमध्ये घरचं पाणी पुन्हा वापरायचं तर सुरुवात कुठून? (रो-हाऊस, काळी माती, टॉप लोड मशीन)

परसदार
माहिती आधीच देतो, म्हणजे प्रश्नोत्तरांत वेळ जायला नको. इंदिरानगरच्या बाजूला रो-हाऊस. गच्ची ८० चौ.मी., खाली ४० चौ.मी. काळ्या मातीची बाग, गच्चीवर तीसेक कुंड्या. माणसं चार. महापालिकेचा नळ आहे, शिवाय बोअर. फ्लशच्या टाक्या जुन्या १० लिटरच्या. मशीन टॉप लोड, स्वयंपाकघरात आरओ. एप्रिल-मेमध्ये बागेला रोजचे दीडशे लिटर लागतात असा हिशेब.

पाणी चार ठिकाणचं मिळू शकतं: गच्चीचं, मशीनचं, न्हाणीचं, आरओचं. सगळं एकदम करायला पैसे नाहीत. पहिलं काय करावं? आणि मशीनचं पाणी लिंबाला आणि कढीपत्त्याला थेट सोडलं तर चालेल का?

तोटीमास्तर
चारही बाजूला ठेवा, आधी संडासात जा.

चार माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा, १० लिटरची टाकी, म्हणजे २०० लिटर. ३/६ लिटरची दुहेरी बटणाची टाकी लावली आणि पाचातलं एकदाच मोठं बटण दाबलं तर माणशी १८, चौघांचे ७२. रोजचे सव्वाशे लिटर वाचले, आणि तेही स्वच्छ पाणी, जे कुठल्याही झाडाला चालतं.

दोन गोष्टी सांभाळा. जुनं भांडं १० लिटरच्या हिशेबाने घडवलेलं असेल तर ६ लिटरमध्ये साफ होत नाही, मग माणूस दोनदा दाबतो आणि बचत गेली. अशा ठिकाणी टाकीबरोबर भांडंही बदलावं लागतं. ते नको असेल तर जुन्या टाकीत भरलेली एक लिटरची बाटली उभी करा, फ्लोटला लागणार नाही अशी. वीट टाकू नका, ती विरघळते आणि कण खालच्या रबराखाली अडकून टाकी कायमची गळायला लागते.

गळती बघायला टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर गेलं. रंग उतरला नाही पण पाणी भरायचा आवाज येत राहतो, तर फ्लोट खाली करायचा आहे, पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातंय. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली दहा मिनिटं पेला ठेवून मोजा आणि १४४ ने गुणा. तो आकडा बघितल्यावर वायसर त्याच दिवशी बदलला जातो.

चिवडेवाला
प्रश्न बागेचा, उत्तर संडासात. मास्तर, तुम्ही निवडणुकीला उभे राहा.

सातपूरकर
मास्तरांना +१. नळांना एअरेटर (तोंडाला बसणारी, पाण्यात हवा मिसळणारी जाळी) पण लावा. साध्या नळातून मिनिटाला १० ते १५ लिटर जातात, एअरेटरने ४-६ वर येतात.

तोटीमास्तर
@सातपूरकर, तळमजल्यावर ठीक. वरच्या मजल्यावर, टाकीच्या जेमतेम दीड-दोन मीटर खाली असलेल्या नळाला दाब चौ.सेंमी. ला ०.१५-०.२ किलो मिळतो. एअरेटर साधारण १ किलोच्या आसपास नीट चालतात, तिथे नुसती करंगळीएवढी धार येते. मग घरचे जाळी काढून फेकतात. वरच्या मजल्यावर एअरेटरऐवजी नळाखालची अँगल कॉक थोडी बंद करून ठेवा. आणि बोअरचं पाणी असेल तर जाळीवर पांढरा थर बसतो, महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. नळात एअरेटर बसायचा आटा आतला आहे की बाहेरचा ते बघून घ्या, दुकानदार परत घेत नाही.

पागोळी
गच्चीचा विषय कोणीच काढला नाही म्हणून. १ चौ.मी. वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ८० चौ.मी. गच्ची, वीस टक्के वाया धरले तर प्रत्येक मिलिमीटरला ६४ लिटर हाती. नाशिक शहराचा पाऊस ७०० मिमीच्या आसपास धरा, वर्षाला साधारण ४५,००० लिटर. हे सोडून मशीनच्या साबणात हात घालायचा म्हणजे कमाल आहे.

मुरूमखडी
@पागोळी, आकडा बरोबर, पण ते ४५,००० लिटर जून ते सप्टेंबरात पडतात, जेव्हा बागेला पाणी नकोच असतं. पाऊस संपला की आठ महिने सरासरी १२० लिटर रोज धरा, २९,००० लिटर साठवायला लागतील. ५,००० लिटरची टाकी ठेवली तर चाळीस-एक दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या पुढे-मागे, रिकामी. उन्हाळ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस कितीतरी जास्त, पण तिथेही तो त्याच चार महिन्यांत. म्हणून नाशिकला टाकी नाही, पुनर्भरण, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणं.

आणि पुनर्भरण म्हणजे काळ्या मातीत खड्डा काढून खडी भरणे नव्हे. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते, खड्ड्याचा हौद होतो. माती पार करून मुरमापर्यंत जा. तिथे चाचणी घ्या: तळाशी एक फूट खोल छोटा खड्डा, रात्री भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. इंचभर किंवा जास्त उतरली तर शोषखड्डा चालेल. पाणी जागचं हललंच नाही तर खाली सलग कातळ आहे, तिथे पैसे घालू नका. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरातून जातं, सलग कातळातून नाही. शेजाऱ्याच्या बोअरला फायदा झाला म्हणून तुमच्याला होईलच असं नाही.

घराच्या पायापासून खड्डा किमान तीन मीटर लांब. न्हाणीचं किंवा मशीनचं पाणी या खड्ड्यात कधीच नाही.

पागोळी
@मुरूमखडी, 'टाकी नाही' इतकं सरसकट नको. १,००० लिटरची टाकी १६ मिमी पावसात भरते. पावसाळ्यात मध्येच आठ-दहा दिवस उघडीप पडते तेव्हा कुंड्यांना तेच पाणी. शिवाय मऊ पाणी, कपड्यांना साबण कमी लागतो. छोटी टाकी ठेवा आणि तिचं ओव्हरफ्लो तुमच्या मुरमाच्या खड्ड्यात. भांडण मिटलं.

पहिल्या पावसाचं पाणी मात्र टाकीत घ्यायचं नाही. धूळ, पक्ष्यांची घाण सगळी त्यात. १ ते दीड मिमी सोडून द्यायचं म्हणजे तुमच्या गच्चीला ८० ते १२० लिटर. बरेच प्लंबर उताराच्या शेवटी चार इंची पाइपचा दीड मीटर तुकडा टोपी लावून उभा करतात आणि 'फर्स्ट फ्लश केलं' म्हणतात. चार इंची पाइपमध्ये मीटरला साडेआठ लिटर मावतात, म्हणजे तुमचा फर्स्ट फ्लश तेरा लिटरचा. शंभर लिटरचं पिंप वापरा, तळाला छोटी चावी थेंब थेंब सुटेल इतकी उघडी ठेवा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत आपोआप रिकामं होतं. चावी पूर्ण बंद राहिली तर दुसऱ्या पावसाला पिंप भरलेलंच असतं आणि घाण सरळ टाकीत.

टाकी काळी किंवा अपारदर्शक. पांढरट अर्धपारदर्शक असेल तर महिन्याभरात शेवाळ.

गोदाकाठ
जाता जाता: एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ५०० चौ.मी. आणि वरच्या भूखंडांवर नव्या बांधकामाला पर्जन्य जलसंधारण बंधनकारक आहे. रो-हाऊसला लागू नाही, पण सोसायटीवाल्यांनी बिल्डरने केलेला खड्डा एकदा झाकण उघडून बघावा. बऱ्याचदा आत प्लास्टरचा राडारोडा असतो.

चिवडेवाला
आमच्या खड्ड्यात दोन क्रिकेटचे चेंडू पण असतात. पुनर्भरणच म्हणायचं.

कुंडीकर
आरओचं पाणी झाडांना घालू नका असं सगळीकडे वाचतो. खरं काय?

द्राक्षवेल
@कुंडीकर, 'आरओचं पाणी' असं एक पाणी नसतं. आत काय जातं त्यावर बाहेर काय येतं ते ठरतं. शंभर लिटर आत गेलं, तीस पिण्याचं, सत्तर बाहेर, असं धरा. आत २०० टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) असेल तर बाहेर २८० च्या जवळपास. बागेला बिनधास्त. बोअरचं ९०० आत गेलं तर बाहेर साडेबाराशे, आणि ते कुंडीत घातलं तर मातीवर पांढरी पापडी, पानांच्या कडा जळलेल्या. कुंडीत वाईट जास्त, कारण क्षार खाली झिरपून जायला जागा नाही. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, पाच मिनिटांचं काम.

जास्त टीडीएसचं पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला. आणि रिजेक्ट, म्हणजे बाहेर टाकलेलं पाणी, कमी यावं म्हणून नळी चिमटवू नका, आतल्या मेम्ब्रेनवर (गाळणाऱ्या पडद्यावर) क्षार बसतात आणि ते बदलायला लागतं.

मुळात महापालिकेच्या नळावर आरओ कशाला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली आरओवर बंदी घालावी असंच सांगितलं होतं. गंगापूर धरणात साठलेलं पाणी पावसाचं. मीटर लावून बघा, मग यूव्ही पुरेल का ते ठरवा. रिजेक्ट पाणी शून्यावर आणायचा तो सर्वांत सोपा मार्ग.

सातपूरकर
एसीचं पाणी? इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालतं म्हणतात.

द्राक्षवेल
झाडांना चालतं, क्षार जवळपास नसतात. बॅटरीत नको, कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात येतात. आणि नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये एसीतून फार पाणी निघतही नाही, दमट हवेत जास्त निघतं.

परसदार
सगळ्यांचे आभार. संडासाचा मुद्दा पटला. पण मशीनचं पाणी रोज डोळ्यांसमोर गटारात जातं, त्याचं बोला ना कोणीतरी.

तोटीमास्तर
जोडणीचं मी सांगतो, मातीचं द्राक्षवेल सांगतील.

मशीनचा ड्रेन पंप पाणी साधारण एक मीटरपर्यंत उचलतो. २०० लिटरचं निळं पिंपच ९० सेंमी उंच असतं. ते चौथऱ्यावर ठेवून वर पाइप टाकला तर पंप धापा टाकतो, पाणी उरतं, मशीन एरर दाखवतं. म्हणून पिंप मशीनच्याच पातळीला किंवा खाली. मशीन वरच्या मजल्यावर असेल तर उत्तम, पिंप खाली बागेत ठेवा. पण ड्रेन पाइपचं टोक आधी मशीनच्या मागे ठरलेल्या उंचीवर उभ्या पाइपमध्ये सैल अडकवा आणि तिथून खाली न्या. पाइप सरळ जमिनीवर सोडला तर सायफन होऊन मशीन भरतं तसंच रिकामं होत राहतं आणि तासभर पाणी पीत बसतं.

बाग आणि गटार यात निवड करायला दोन वेगळ्या चाव्या लावू नका. कधीतरी दोन्ही बंद राहतात आणि पाणी घरात येतं. थ्री-वे व्हॉल्व लावा, त्याला एक तोंड कायम उघडं असतं. घेताना हे तपासून घ्या, काहींत मधोमध ठेवलं की दोन्ही बंद होतात. पावसाळ्यात, ब्लीच किंवा टब क्लीनरची पावडर टाकली तेव्हा, आणि बाळाचे लंगोट धुतले तेव्हा तोंड गटाराकडे.

टोकाला जुना नायलॉनचा पायमोजा रबराने बांधा. त्यात कपड्यांची किती लिंट (सुटलेले धागे) जमते ते बघाल. आठवड्याला रिकामा करायचा, नाहीतर फुगून निघून पडतो.

अळूवडी
पिंपात चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नका. साबणाचं पाणी दुसऱ्या दिवशी कुजतं, वास येतो. आणि झाकण घट्ट, डास अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभरात तयार होतात. गच्चीच्या टाकीच्या ओव्हरफ्लोलाही बारीक जाळी. तिथेच सगळे विसरतात.

द्राक्षवेल
आता माती. पावडरमध्ये सोडियम भरपूर, सोडा आणि भर घालायला सोडियम सल्फेट. पाणी अल्कधर्मी. नुसत्या क्षारांपेक्षा काळ्या मातीला सोडियम वाईट. तिच्यातली चिकणमाती आधीच फुगणारी, सोडियम कणांना चिकटला की कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रं बुजतात, वर पाणी साचून राहतं आणि वाळली की दगड. द्राक्षबागायतदार पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती, तो आकडा) उगीच तपासत नाहीत.

घरी करायची चाचणी: बागेतलं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी, त्यात ढेकूळ अलगद सोडा. ढवळू नका, ग्लास हलवू नका. ढेकूळ नुसतं पडून तुकडे झाले, पाणी स्वच्छ, तर हरकत नाही. दोन तासांत ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरायला लागला तर सोडियम वाढलेला आहे. नळाच्या पाण्यात ही चाचणी फसते, त्यातला कॅल्शियम ढग होऊ देत नाही.

ढग आला तर मशीनचं पाणी बंद, चौ.मी. ला पाव ते अर्धा किलो जिप्सम वरच्या थरात मिसळा, आणि मग भरपूर गोडं पाणी. जिप्सम टाकून पाणीच दिलं नाही तर सोडियम जागचा हलत नाही. म्हणून मे अखेरीला टाका, पुढचं पाऊस करतो.

पावडरऐवजी लिक्विड घ्या, सोडियम कमी असतो. रिठा सर्वांत चांगला, पण टॉप लोडमध्ये टरफलं कापडी पिशवीत बांधून टाका.

चिवडेवाला
स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी राहिलं. मिसळीच्या तर्रीचं काय करायचं?

अळूवडी
तर्री ब्रेडने पुसून खायची, मग प्लेट मोरीत. थट्टा नाही, तेल हाच मोरीच्या पाण्याचा मोठा त्रास आहे. मातीवर तेलाचा थर बसला की पाणी आत जात नाही. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतल्याचं पाणी वेगळ्या पातेल्यात, ते थेट कुंड्यांना. बाकीचं मोरीचं पाणी आधी ग्रीस ट्रॅपमधून: चाळीसेक लिटरचा डबा, मध्ये आडवा पडदा, बाहेर जाणारा पाइप टी लावून पाण्याच्या आत बुडालेला. तेल वर राहतं, गाळ तळाशी, मधलं पाणी जातं. आठवड्याला वरचा थर काढला नाही तर तोच थर पाइपात. एवढं झेपत नसेल तर मोरीचं पाणी गटारात जाऊ द्या, लाज वाटायचं कारण नाही.

न्हाणीचं पाणी त्या मानाने गरीब बिचारं. परसात न्हाणीच्या तोंडाला अळू आणि केळ उगीच लावत नव्हते.

मुरूमखडी
न्हाणीचं पाणी बागभर फिरवायचं असेल तर ते आधी साफ करायला कर्दळीचा वाफा करा. माणशी ५० धरून चौघांचे २०० लिटर रोज. वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंमी खोल. आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, खाली बारीक मातीचा थर म्हणजे खडा टोचणार नाही. दोन्ही टोकांना फूटभर मोठा दगड, मधे १०-२० मिमी खडी. खडीत चाळीस टक्के पोकळी असते. पाण्याची उंची ५० सेंमी ठेवली तर ६०० लिटर मावतात, म्हणजे पाणी तीन दिवस मुक्कामाला. तेवढं पुरतं.

खडी धुऊनच टाका. क्रशरची भुकटी राहिली तर ती तळाशी बसते आणि वाफा वर्षभरात तुंबतो. बाहेर जाणाऱ्या पाइपला फिरणारा एल्बो द्या, तो वर-खाली करून पातळी ठरते. पातळी खडीच्या १० सेंमी खाली. वर पाणी दिसलं म्हणजे डासांना आमंत्रण. झाडं: कर्दळ, वाळा. पाणकणीस नको, फार पसरतं. आत येताना केसांसाठी जाळी आणि एक छोटं चेंबर, ते महिन्याला साफ.

कुंडीकर
वाफ्यातून आलेलं पाणी ठिबकला देता येईल?

तोटीमास्तर
नको. ड्रिपरच्या आत बारीक वाट असते, चिकट थर बसून बंद पडते. १६ मिमी नळीला ३-४ मिमीची भोकं पाडा आणि नळी पाचटाखाली ठेवा. पालेभाज्यांवर आणि कच्चं खायच्या कशावरही शिंपडायचं नाही.

ठिबक स्वच्छ पाण्याला, १२० मेशच्या फिल्टरनंतर. ठिबकची दुकानं नाशिकला हवी तेवढी, पण दुकानदार शेताच्या हिशेबाने प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर देतो. घरच्या टाकीवर ते चालत नाहीत. साधे ४ लिटर-ताशीचे घ्या. तेही १ किलो दाबाला ४ देतात. टाकी ६ मीटर वर असेल तर बागेत ताशी ३ लिटर मिळतील, गच्चीवरच्या कुंड्यांना टाकी दीड मीटरच वर असेल तर जेमतेम दीड. कुंडीला पाऊण लिटर पाहिजे तर अर्धा तास. नळीच्या शेवटची टोपी पंधरवड्याने उघडून गाळ सोडून द्या.

सातपूरकर
पाचट कुठून आणायचं? शहरात ऊस फक्त रसवंतीवर.

कुंडीकर
रसवंतीचं चिपाडच आणा, वाळवून. ओलं टाकलं तर मुंग्या. नारळाच्या शेंड्या पण चालतात. तीन-चार बोटं जाड, खोडापासून चार बोटं लांब.

परसदार
म्हणजे क्रम असा लावतो: टाक्या बदलणे, मग टीडीएस मीटर, मग मशीनला थ्री-वे आणि पिंप, पावसाळ्याआधी १,००० लिटरची टाकी. कर्दळीचा वाफा पुढच्या वर्षी. पण लिंबू राहिलं!

द्राक्षवेल
लिंबाला मशीनचं पाणी नाही. लिंबूवर्गीय झाडं क्षारांना आणि अल्कधर्मी मातीला नाजूक, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह मिळेनासं झालंय. अनंत, घेवडा यांनाही नको. कढीपत्त्याला खळबळण्याच्या पाण्यावर चालेल, आठवड्यातून एकदा साधं पाणी. नारळ, चिक्कू, बोगनवेल, कण्हेर असतील तर तिकडे सोडा. टॉप लोडमध्ये साबणाचं पहिलं पाणी गटारात आणि खळबळण्याचं पिंपात, हे त्याच थ्री-वेने करता येतं, पण मध्ये उठून चावी फिरवायला लागेल.

परसदार
लिंबू आणि कढीपत्ता एकाच वाफ्यात दोन फुटांवर आहेत. मग?

मुरूमखडी
मुळं दोन फुटांत एकमेकांत गेलेली असणार. त्या वाफ्याला मशीनचं पाणी नकोच, फ्लशच्या टाकीतून वाचलेलं साधं द्या. कंपाउंडच्या कडेला काय आहे?

परसदार
कण्हेर आणि एक चिक्कू.

तोटीमास्तर
पिंप तिकडेच ठेवा. एक इंची पाइप, मीटरला एक सेंमी उतार, टोक चिक्कूच्या आळ्यात पाचटाखाली.